खटक्याचं शाईपेन

फाउंटन पेनला टोपण असतं, आणि टोपण काढायला दोन हात लागतात. एका हातात पेन, दुसऱ्यात टोपण, दोन-तीन आटे फिरवायचे, टोपण मागे खोचायचं, लिहायला लागायचं. शाळेपासून आपण हे इतक्या वेळा करतो की दुसरा हातही यात राबतोय हे ध्यानात येत नाही. आमच्या घरात ते ध्यानात आलं दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, अब्बांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा.

वाचा शाबूत, स्मरण शाबूत, उजवा हात शाबूत. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, उपचार वेळेत मिळाले, काठी घेऊन चालायलाही लागले. डावा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. अब्बा 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत गुरुजी होते. टाचणवही, हजेरीपत्रक, शाळेचा पत्रव्यवहार, सगळं शाईपेनाने. दवाखान्यातून घरी आल्यावर आठवड्याभरात त्यांनी वही मागितली, खिशातलं पेन काढलं आणि टोपण दातांत धरून पेन फिरवायला लागले. अम्मीने ते काढून घेतलं. संध्याकाळी मी कोर्टातून येताना बॉलपेनचं पाकीट आणलं.

बॉलपेन काय मागतं हे एका हाताने लिहिणाऱ्यालाच कळतं. त्याची शाई घट्ट, तेलाच्या जातीची. गोळी कागदावर दाबून फिरवावी तेव्हा ती उतरते. आपण दाब देतो तेव्हा डावा हात गुपचूप कागद धरून बसलेला असतो. तो नसला की ओळीच्या मध्येच कागद सरकतो. शिरोरेघ ओढताना तर हमखास, आणि मराठीत ती शब्दागणिक ओढायची असते. अब्बांच्या त्या आठवड्यातल्या वहीत शिरोरेघा अक्षरांना सोडून भलतीकडेच गेलेल्या आहेत.

जेल पेनने निम्मं भागलं. त्याला दाब कमी लागतो. फिजिओथेरपीसाठी घरी येणाऱ्या मुलीने वहीखाली घालायला रबरी जाळीची चटई सुचवली, स्वयंपाकघरात कप्प्यात अंथरतात तसली. तिने आणखी थोडं भागलं. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी पेनाच्या आधी ती चटई आणावी, असंच मी सांगेन. तरीही अब्बांची तक्रार एकच होती : हे माझं अक्षर नाही. शाईपेनाची निब कागदाला नुसती टेकली की पुरे. निबेच्या चिरेतून कागद स्वतःच शाई ओढून घेतो, शाळेत विज्ञानात शिकलो ते केशाकर्षण. जोर लावायचा नसतो, हात फक्त वळण देतो. म्हातारपणी बोटांची पकड सैल होते तेव्हा हा फरक फार मोठा असतो.

कुणी म्हणेल, 73व्या वर्षी एवढं लिहायचं तरी काय? फोनवर बोललं की टाइप होतं. नातवंडांना सांगा, ती लिहून देतील.

मोहल्ल्यातल्या जमातीचा जमाखर्च अब्बा पाहतात. तो दुसऱ्या कुणी लिहिला असता. पण रमजानमध्ये जकातीचे पैसे आणि फित्र्याचं धान्य कुणाच्या दारी पोहोचवायचं याची एक वही आहे, ती गेली वीसेक वर्षं त्यांच्याकडेच असते. कुणाचा रोजगार सुटला, कुणाच्या मुलीची फी थकली, कोण दुकानदार वरून इस्त्रीच्या कपड्यांत दिसतो आणि आतून पुरता बुडालाय. ही नावं तोंडाने सांगून दुसऱ्याकडून लिहून घ्यायची नसतात. मला नाही, नातवंडांना नाही, फोनला तर नाहीच. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. त्या साली रमजान जवळ आला तेव्हा अब्बा आपल्या डाव्या हाताकडे बघून म्हणाले, "याला कळायचा प्रश्न आता मिटला." घरात आम्ही दखनी बोलतो, पण हिशेब आणि विनोद अब्बा मराठीतच करतात. अम्मी हसली नाही.

तर, एका हाताने उघडणारं शाईपेन हवं होतं. तसलं एक माझ्याच खिशात होतं.

मी वकिली करतो. कोर्टात लिहिणं म्हणजे सलग लिहिणं नव्हे. साक्षीदार बोलतो, दोन शब्द टिपायचे, उभं राहायचं, हरकत घ्यायची, बसायचं, पुढची तारीख लिहायची. टोपणाच्या पेनाने यात धांदल होते. उघडं ठेवलं तर निब वाळते, बंद करावं तर तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. म्हणून 2019 साली, एक जुना जमिनीचा दावा निकाली निघून बरी फी मिळाली तेव्हा, मी पुण्यातल्या एका पेनांच्या दुकानातून जपानच्या पायलट कंपनीचं कॅपलेस घेतलं, त्यातलं डेसिमो नावाचं सडपातळ पेन. किंमत पाच आकडी. घरी आकडा सांगितला नव्हता.

हे पेन पायलटने 1963 साली आणलं. पहिलं फिरवून उघडायचं होतं, दुसऱ्याच वर्षी मागच्या बटणाचं आलं आणि तेच टिकलं. अमेरिकेत त्याला व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात. निब आत घ्यायची कल्पना त्याहून जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निब फिरवून आत घ्यायची 'सेफ्टी' पेनं मिळत, पण आत घेतल्यावर वरून टोपण लावावंच लागे. पायलटने टोपणच काढून टाकलं. पेनाच्या तोंडाशी स्प्रिंगवर बसवलेली इवलीशी झडप आहे. खटका दाबला की निब तिला ढकलून बाहेर येते, परत दाबला की निब आत जाते आणि झडप मागून मिटते. सगळी करामत त्या झडपेची. ती नीट मिटली तर आतली हवा आतच राहते आणि निबेवरची शाई ओली राहते. खटक्याचं बॉलपेन कुणीही बनवेल, कारण बॉलपेनची शाई उघड्यावर अशी वाळून बसत नाही. शाईपेनाला खटका लावणं म्हणजे प्रत्येक वेळी दार घट्ट लावून घेणं.

आणखी एक उलटी गोष्ट. याची क्लिप निबेच्या बाजूला आहे. त्यामुळे खिशात पेन निब वर करून राहतं आणि शाई मागे उतरते. शर्टाच्या खिशावरचा निळा डाग ज्याने आईच्या ओरड्यासह अनुभवलाय त्याला याचं मोल कळेल.

इथे एक जुनी हकिकत सांगायचा मोह आवरत नाही. दहाव्या शतकात फातिमी खलिफा अल-मुइज्ज यांनी (यांच्याच काळात, 969 साली, कैरो वसलं) अशी लेखणी मागितली की जिला दौतीची गरज नसावी, शाई पोटातच असावी, लिहिताना यावी, लिहिणं थांबलं की थांबावी, उलटी केली तरी गळू नये, बाहीत ठेवली तर कापड खराब होऊ नये. त्यांच्या दरबारातले काझी नुमान यांनी हे लिहून ठेवलंय. कारागिराने थोड्याच दिवसांत सोन्याची लेखणी करून आणली. ती चालली, फक्त शाई जरा जास्त सोडत होती, म्हणून दुरुस्तीला परत गेली. ती लेखणी आज कुठेही नाही, आत काय योजना होती तेही कुणी सांगितलेलं नाही. मला त्यातलं आवडतं ते हे, की हजार वर्षांपूर्वीच्या खलिफाची मागणी आणि माझ्या शर्टाच्या खिशाची मागणी तंतोतंत एक आहे. आणि पहिल्या फेरीत शाई जास्त येणं, तेही तेव्हापासूनचंच.

अब्बांसाठी शोधायला बसलो तेव्हा एकेक पेन गळत गेलं. जर्मन लॅमीचं डायलॉग थ्री देखणं आहे, पण ते फिरवून उघडतं, म्हणजे पुन्हा दोन हात. पायलटचंच फेर्मो तसंच. 2019 मध्ये आलेलं कॅपलेस एलएस दाबून उघडतं, पण बंद करताना फिरवावं लागतं, आवाज होऊ नये म्हणून. सभेत बसणाऱ्या साहेबांसाठी ती सोय असेल, आमच्या कामाची नाही. प्लॅटिनमचं 2020 सालचं क्युरिदास खरोखर खटक्याचं आणि किमतीला बरंच खाली. स्टीलची निब, प्लॅस्टिकचं अंग. पण ते लांब आणि जाड आहे. शिवाय साधं कॅपलेस पितळी अंगाचं, 30 ग्रॅमच्या आसपास भरतं. डेसिमो अॅल्युमिनियमचं, 21 ग्रॅमच्या आसपास. धडधाकट हाताला हे नऊ ग्रॅम जाणवतही नाहीत. तासभर लिहून थकणाऱ्या हाताला जाणवतात. म्हणजे फिरून फिरून मी माझ्याच खिशातल्या पेनाशी आलो.

नवीन घ्यायचं ठरवलं. अब्बांनी विचारलं, "कित्ते का है?" खोटं बोलवेना, सांगितलं. त्यांनी वही मिटली. ज्या वहीत पाचशे-पाचशेचे आकडे आहेत ती लिहायला एवढ्या किमतीचं पेन? इसराफ म्हणतात याला, उधळपट्टी. एवढ्यात एका घराचा तीन महिन्यांचा किराणा होतो. मी वकील, माझ्याकडे युक्तिवादांची वाण नव्हती : औषधावर खर्च करतो ना, काठी घेतली ना, हेही साधनच आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जेल पेन उचललं. मला आजही वाटतं की युक्तिवाद माझा बरोबर होता आणि निकाल त्यांचा.

शेवटी तोड निघाली ती बायकोच्या डोक्यातून. नवीन नको ना, मग तुमचं वापरलेलं द्या. वापरलेल्या वस्तूची किंमत कोण धरतं? अब्बांनी पेन हातात घेऊन उलटंसुलटं केलं. क्लिपेवरचा मुलामा दोन ठिकाणी गेलेला, अंगावर चरे. हे त्यांना चाललं. मुलाचं जुनं स्वेटर वडील घालतात तसं.

हातात पेन आल्यावर एक गोष्ट लगेच दिसली, जी दुकानात कुणी सांगत नाही. बटण पेनाच्या मागच्या टोकाला, पण लिहायची पकड पुढे. दोन हातांचा माणूस बटण दाबतो, पेन बोटांत फिरवून घेतो, त्याला काही वाटत नाही. एका हाताला हे फिरवणं म्हणजे पेन पडायचा मोका. पहिल्या दिवशी दोनदा पडलं, नशिबाने निब आत असताना. मग अब्बांनीच रीत काढली. पेन आधी लिहायच्या पकडीत धरायचं, मनगट वळवून मागचं बटण छातीवर टेकवायचं आणि दाबायचं. टक. बंद करतानाही तसंच. आता ते इतकं सवयीचं झालंय की पाहुण्यांना वाटतं गुरुजी छातीला हात लावून सलाम करतायत.

क्लिपेबद्दल बरेच जण कुरकुरतात, कारण ती नेमकी बोटं ठेवतो तिथेच येते. मलाही वर्षभर ती बोचत होती. अब्बांना पहिल्या मिनिटापासून बोचली नाही. कारण सरळ आहे. पेन अंगठा आणि तर्जनीत धरून मधल्या बोटावर टेकवलं, तर क्लिप अंगठा-तर्जनीच्या मधोमध बसते आणि कुणाच्या वाटेत येत नाही. शाळेत हजारो पोरांना त्यांनी हीच पकड शिकवली. घरातल्या एकाला ती कधी जमली नाही, त्याचा अंगठा अजूनही तर्जनीवर चढतो. हे पेन घ्यायचं मनात असेल तर आधी आपली पकड बघा. अंगठा चढत असेल तर दुकानात दोन ओळी लिहून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

निबेचंही तसंच. माझ्या पेनाला मीडियम होती, 18 कॅरेट सोन्याची. जपानी निबा युरोपी निबांपेक्षा एक पायरी बारीक येतात, त्यामुळे जपानी मीडियम म्हणजे मराठी अक्षराला बेताची. काना आणि वेलांटी भरून येते, पण 'क्ष'ची किंवा 'द्ध'ची पोटं बुजत नाहीत. जमाखर्चाच्या आखलेल्या रकान्यांत आकडे लिहायचे तर फाइन बरी. अब्बा वहीच्या कागदावर चिडतात, निबेवर नाही. आपल्याकडच्या लाँगबुकांचा कागद शाई पितो आणि अक्षराला केस फुटतात. त्यांची फित्र्याची वही जुन्या साठ्यातली, लाल कापडी पुठ्ठ्याची आहे. तिचा कागद अजून शाईला मान देतो.

मग मी काय वापरतो? एका चिनी कंपनीचं, त्याच घाटाचं, किमतीला पाचव्या हिश्श्याच्याही खाली. खटका चांगला, अंग जड. निब स्टीलची आणि पहिल्यांदा इतकी खरखरीत की तारीख लिहिताना बाजूचे वकील वळून बघत. ती मी अगदी बारीक पॉलिश कागदावर घासून आणली. मिरजेच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको : सतारीच्या घोडीची जवारी काढताना कारागीर एक घास मारतो, तार छेडतो, कान लावतो, परत एक घास. निबेलाही तसंच. घासण्याहून ऐकण्यातच जास्त वेळ जातो, आणि एक घास जास्त झाला की गेलं. आता बरी चालते. मेच्या उन्हात सुट्टीवर गेलो आणि पाच-सहा दिवस पेन पडून राहिलं, तर पहिली ओळ कोरडी उमटते. अब्बांचं पेन तेवढ्याच दिवसांनी पहिल्याच टेकवण्याला लिहितं. किमतीतला फरक मला जिथे खरा दिसला तो इथे, झडपेत. सोन्याच्या निबेचं कौतुक मी जरा कमीच करेन.

खटक्याचं शाईपेन सगळ्यांनी घ्यावं असं माझं म्हणणं नाही. बैठक मारून दोन-दोन तास लिहिणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. उलट तोटाच, कारण यंत्रणेने आतली जागा खाल्लेली असते. शाई भरायचा जो कन्व्हर्टर यात बसतो त्यात जेमतेम 0.4 मिलिलिटर शाई मावते. कंपनीच्या काडतुसात त्याच्या दुपटीहून जास्त मावते, म्हणून मी रिकामं काडतूस इंजेक्शनच्या सिरिंजने परत भरतो. एक लक्षात ठेवावं : काडतूस घालताना त्यावर सोबत आलेलं धातूचं आवरण चढवावं लागतं, खटक्याचा दाब ते झेलतं, आणि कन्व्हर्टर लावला की ते काढून ठेवायचं. ते बारीकसं नळकांडं हरवतं. मी स्वतः हे सगळं घरी लिहितो तेव्हा समोर साधं एबोनाइटचं, ड्रॉपरने शाई भरायचं देशी पेन असतं. त्याच्या पोटात या पेनाच्या कित्येक पट शाई मावते. खटका हा थांबत-थांबत लिहिणाऱ्यांसाठी आहे : डॉक्टर, कंडक्टर, वार्ताहर, वर्गात फिरत वह्या तपासणारे शिक्षक. आणि ज्यांना दुसरा हात नाही त्यांच्यासाठी.

शाई भरायला मात्र दोन हात लागतातच. पेन मधोमध आट्यांवरून उघडायचं, आतला निबेचा भाग ओढून काढायचा, शाई भरायची, परत घालताना त्यावरची बारीक खूण खाचेत बसवायची. हे अब्बांना जमत नाही, जमणारही नाही. दर आठ-दहा दिवसांनी ते माझ्यासाठी पेन टेबलावर ठेवतात, वही उशीखाली ठेवून. शाई साधीच, कॅमलची रॉयल ब्लू. पाण्याने पुसणार नाही अशी पक्की शाई या पेनात मी घालत नाही, आत वाळली तर काढणं कठीण. थोरलीला शिकवायला घेतलंय, तिची बोटं माझ्यापेक्षा हलकी आहेत. मागच्या रमजानची यादी याच पेनाने झाली. किती नावं होती मला माहीत नाही, भरावं लागलं ते दोनदा.

सध्या अब्बांनी काळ्या शाईचा लकडा लावलाय. निळी फिकट दिसते म्हणतात. निळी पुरती धुवून निघेपर्यंत पाण्याचे सात-आठ वाटे होतील, तेव्हा हे काम येत्या रविवारवर ढकललंय.